कमिशन ही मालकाची बक्षिसी नव्हे

विक्री प्रतिनिधी राजीनामा देतो तेव्हा त्याच्या दोन रकमा कंपनीकडे निघतात : पगार आणि कमिशन. पगार बहुधा पदरात पडतो. कमिशन मागताच नेमणूकपत्रातील एका कलमाकडे बोट दाखवले जाते : वाटपाच्या तारखेस जो नोकरीत असेल, त्यालाच ते मिळेल. ऑर्डर जानेवारीत मिळवली, माल फेब्रुवारीत पोहोचला, पैसे मार्चमध्ये कंपनीच्या तिजोरीत जमा झाले. परंतु वाटप एप्रिलमध्ये, आणि प्रतिनिधी मार्चअखेर बाहेर पडलेला. विक्री खरी, नफा खरा, बाद झाला तो केवळ श्रमाचा मोबदला!

नगावर मिळणारी मजुरी हे वेळेवर मिळणाऱ्या मजुरीचेच बदललेले रूप होय, हे मार्क्सने दाखवून दिले आहे. कमिशन त्याच जातीचे. विणकर गिरणी सोडून गेला म्हणून त्याने विणून दिलेल्या ताग्याची मजुरी बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९७० च्या दशकाच्या अखेरीस, गेस्टेटनर डुप्लिकेटर्सच्या खटल्यात, उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी सेल्समनना मिळणारे कमिशन पगारातच धरले. खटला प्राप्तिकराचा होता. आणि कमिशन म्हणजे पगार, असे तेथे खुद्द कंपनीच हिरिरीने मांडत होती! करात सवलत हवी असली की कमिशन पगार ठरते. देण्याची वेळ आली की तीच मालकाची मेहेरबानी होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेने हा प्रश्न सोडवला नाही. राजीनामा दिलेल्याचेही वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत चुकते करावे, असे तिचे १७ वे कलम सांगते. तरतूद चांगली आहे. परंतु वेतनाच्या व्याख्येतून कमिशन नाव घेऊन वगळले आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने वगळलेल्या बाबींत हा शब्द नव्हता. वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक भरल्या, तर वरची रक्कम तेवढी वेतनात धरली जाते. म्हणजे २०,००० रुपये पगार आणि १५,००० रुपये कमिशन असणाऱ्याचे सारे कमिशन या दोन दिवसांच्या बंधनाबाहेर राहते.

‘करारावर सही केली होती ना?’ हा मालकवर्गाचा ठरलेला सवाल. नोकरीची गरज असलेला उमेदवार छापील नेमणूकपत्रातील कोणते कलम खोडू शकतो? सौदाशक्ती विषम असताना लादलेल्या अन्याय्य अटी टिकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ब्रजोनाथ गांगुली खटल्यात म्हटले आहे.

परत आलेल्या मालावरचे किंवा बुडालेल्या उधारीवरचे कमिशन कापले, तर त्यास कोणी प्रामाणिक प्रतिनिधी हरकत घेणार नाही. व्याख्येतून ‘कमिशन’ हा अपवाद काढून टाकावा, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरलीच पाहिजे. तोवर प्रत्येक करारात दरमहा सहीनिशी कमिशनचा हिशेब मिळण्याची अट घालून घ्यावी. कारण राजीनामा देताच प्रतिनिधीच्या मोबाइलवरील कंपनीचे ॲप बंद होते, आणि विक्रीचे सारे आकडे मालकाच्याच हाती राहतात.