श्रेष्ठ मोटार कोणती?

बेंगळुरूच्या हेब्बाळ उड्डाणपुलावर वाहनांची रांग लागते, तेव्हा अत्यंत वेगवान मोटारही बैलगाडीच्या गतीने सरकते. मग मोटारीचे श्रेष्ठत्व केवळ वेगावर आणि इंजिनाच्या शक्तीवर ठरवावे काय?

दोन जुन्या मोटारींची तुलना करून पाहू. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये याच बेंगळुरूत विमानांचा कारखाना काढला. त्यांनीच स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात पुढे ‘पद्मिनी’ तयार होऊ लागली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे. तर बंगालमधील उत्तरपाड्याच्या ‘अँबॅसडर’चे पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे. आकड्यांत अँबॅसडर वरचढ दिसते. तिची ऐसपैस जागा व भक्कम बांधणी खडबडीत रस्त्यांना आणि सरकारी दौऱ्यांना मानवली. मुंबईच्या गर्दीत मात्र आटोपशीर पद्मिनीच टॅक्सी म्हणून रुजली आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत राहिली.

तात्पर्य, आकडे खोटे नसतात. पण ते अपुरे असतात. कर्ज काढून वाहन घेणाऱ्याने तर आधी स्वतःला विचारावे : रस्ता कोणता, काम कोणते आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याला झेपेल काय? या प्रश्नांना उतरेल, तीच मोटार श्रेष्ठ होय.