चेंडू सुटला, माइक धरला

बालमित्रांनो, ‘मोठेपणी कोण होणार?’ असं विचारलं की वर्गातले निम्मे हात ‘क्रिकेटर!’ म्हणत वर जातात. छानच आहे. पण खेळ संपल्यावर काय करणार, असं विचारलं की सगळे गप्प! आज अशाच एका खेळाडूची गोष्ट ऐका.

फ्रँक पास्टोरी यांचा जन्म १९५७ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला. ते बेसबॉलमधले ‘पिचर’, म्हणजे आपल्या गोलंदाजासारखे. फरक एवढाच, की पिचर कोपर वाकवून, टप्पा न पाडता, सुमारे साडेअठरा मीटरवरून चेंडू फेकतो. सगळी मदार खांद्यावर आणि कोपरावर! १९७९ मध्ये ते सिनसिनाटी रेड्स या नामवंत संघातून खेळू लागले.

१९८४ साली लॉस एंजेलिसच्या मैदानावर एका फलंदाजानं टोलवलेला चेंडू सणसणत आला आणि थेट त्यांच्या उजव्या कोपरावर आदळला. फेकायचा हात तोच! पुढे दोन वर्षं ते कसेबसे खेळले. १९८६ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांची मोठी कारकीर्द संपली.

तोवर ते देव मानत नव्हते. दुखापतीनंतर संघातल्या ख्रिस्ती सहकाऱ्यांशी बोलता बोलता त्यांच्या मनात प्रश्न उठले. उत्तरं शोधताना ते श्रद्धाळू झाले. आणि गंमत बघा, हा गडी पुन्हा विद्यार्थी झाला! त्यांनी धर्मशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला.

२००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या केकेएलए या ख्रिस्ती रेडिओ केंद्रावर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. गाणी नाहीत, नुसत्या गप्पा! निवेदक विषय मांडतो, श्रोते फोन करून बोलतात. पास्टोरी श्रद्धा आणि तर्क या दोन्हींवर बोलत. संध्याकाळी मोटारीतून घरी निघालेली माणसं ते ऐकत. २०१२ साली मोटारसायकलच्या अपघातानंतर त्यांचं निधन झालं. तोवर हे काम चालू होतं.

चेंडू लागला १९८४ मध्ये आणि हा कार्यक्रम मिळाला २००४ मध्ये. मधे वीस वर्षं गेली! दुसरी वाट एका रात्रीत सापडत नाही, मुलांनो. तिच्यासाठी पुन्हा पहिल्या बाकावर बसावं लागतं.

आता एक काम करा. तुम्हाला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट वहीत लिहा. ती करता आली नाही तर दुसरं काय आवडेल, तेही खाली लिहा. आईबाबांनो, तुम्हीसुद्धा लिहा बरं का!