वॉर्डात एकच सिस्टर असेल, तर पेशंट सुरक्षित कसा राहणार?

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्याच्या कळवा रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. चर्चा औषधांच्या तुटवड्याची झाली, उशिरा आणलेल्या अत्यवस्थ रुग्णांची झाली, रिकाम्या पदांचीही झाली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नंतर बातमी मागे पडली. मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये सरकारी परिचारिका संपावर गेल्या. कंत्राटी भरतीला विरोध ही त्यांची मुख्य मागणी होती. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना वाटलं, हा पगाराचा वाद आहे, आपला काय संबंध?

संबंध आहे, आणि तो थेट आपल्या घरातल्या पेशंटशी आहे. डॉक्टर राऊंडला येतात, दहा-पंधरा मिनिटांत पुढे जातात. बाकीचे तास पेशंटजवळ सिस्टर असते. 'आत्ता डॉक्टरांना बोलवायचं की अर्धा तास थांबायचं' हा निर्णय बहुतेक वेळा तीच घेते.

काही नेहमीचे प्रसंग पाहू. ऑपरेशन झालेला पेशंट शांत झोपलाय, असं नातेवाइकांना वाटतं. सिस्टर मात्र श्वास मोजते, नाडी आणि बीपी बघते, लघवी किती झाली ते लिहिते. श्वास वाढलाय, लघवी कमी झालीय, पेशंट थोडा गोंधळल्यासारखा बोलतोय, ही प्रकृती ढासळत असल्याची सुरुवातीची चिन्हं असू शकतात. बीपी पुष्कळदा नंतर उतरतो. ही चिन्हं दोन तास आधी दिसली तर जीव वाचू शकतो.

रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं सर्वात नाजूक. पिशवीवरचा नंबर, पेशंटचं नाव आणि रक्तगट दोघांनी मिळून तपासायचा असतो. थंडी वाजली, कंबर दुखू लागली, दम लागला, तर आधी रक्त बंद करायचं आणि मग डॉक्टरांना हाक मारायची. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तासही असेच. रक्तस्राव किती होतोय, गर्भाशय घट्ट झालंय की सैल आहे, हे हात लावून बघावं लागतं. आपल्या देशात बाळंतिणींच्या मृत्यूंमागे अतिरक्तस्राव हे एक मोठं कारण आहे.

मधुमेहाचा प्रसंग तर जवळजवळ प्रत्येक घरातला. इन्सुलिन दिलं आणि जेवण उशिरा आलं, तर शुगर झपाट्याने खाली येते. घाम, थरथर, चिडचिड दिसली की लगेच तपासायचं. ७० च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर असेल तर साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, ग्लुकोज शिरेतूनच द्यावं लागतं. रमजानमध्ये हे जास्त लक्षात ठेवायला हवं. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. आजाऱ्याला तशी सवलतही आहे. अब्बा रोज्याने आहेत हे सिस्टरपासून लपवणं म्हणजे तिला अंधारात निर्णय घ्यायला लावणं.

आता साधा हिशोब करू. वॉर्डात ४० पेशंट आणि रात्री एकच सिस्टर. प्रत्येकाचं बीपी, नाडी, श्वास, ताप बघायला पाच मिनिटं धरली तर २०० मिनिटं होतात. म्हणजे एक फेरी संपायला तीन तास वीस मिनिटं. इंजेक्शन, सलाईन, नोंदी वेगळ्याच. पहिल्या बेडकडे ती परत येईपर्यंत काय झालं, हे कोणी पाहिलेलं नसतं. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असं सांगतात. कागद आणि वॉर्ड यांतलं हे अंतरच पेशंटला महागात पडतं. त्यात भरती कंत्राटी असेल तर शिकलेली, हाताला सवय झालेली माणसं टिकत नाहीत.

खासगी दवाखान्यांतही डोळे उघडे ठेवायला हवेत. दाट वस्तीतल्या काही छोट्या नर्सिंग होममध्ये पांढरा ड्रेस घातलेली मुलगी प्रशिक्षित असेलच असं नाही. राज्यात नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. दवाखाना नोंदणीकृत आहे का, रात्री नोंदणीकृत नर्स असते का, हे भरती करतानाच विचारावं. विचारण्यात उद्धटपणा नाही.

आपलीही जिम्मेदारी आहे. चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या, कशाची अॅलर्जी आहे ते आधी सांगा. सलाईनचा वेग किंवा ऑक्सिजनचा नॉब स्वतः फिरवू नका. गुंगीत असलेल्या पेशंटला प्रेमापोटी चमच्याने सूप पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अंथरुणाला खिळलेल्या दादीला दर दोन तासांनी कूस बदलायला मदत करा, पाठीला जखमा होणार नाहीत. आणि काही वेगळं वाटलं तर नेमकं सांगा. 'सिस्टर, कुणी लक्षच देत नाही' यापेक्षा 'सिस्टर, अम्मी तासाभरापासून नीट बोलत नाहीये, श्वास जोरात चाललाय' या वाक्याने काम लवकर होतं. आरडाओरडा आणि हाणामारीने वॉर्डातली एकुलती एक सिस्टरही पेशंटपासून लांब जाते. शिवाय २०१० च्या राज्याच्या कायद्याने तो गुन्हा आहे.

शेवटी एक कडू गोष्ट. अम्मीला, बहिणीला दवाखान्यात नेलं की आपल्याला लेडी नर्सच हवी असते, शक्यतो आपली भाषा समजणारी. पण घरातली मुलगी बारावीनंतर नर्सिंगला जाते म्हणाली की 'नाइट ड्युटी असते, लोक काय म्हणतील' हे पहिलं उत्तर येतं. सगळेच असं म्हणत राहिले तर त्या बेडजवळ उभं कोण राहणार? पदं भरा, कायम भरा, ही मागणी आपण सरकारकडे लावून धरलीच पाहिजे. त्याबरोबर ती पदं भरणाऱ्या मुली आपल्याही घरांतून जायला हव्यात.