तबकडीवर नाव कुणाचे?

चळवळीतला माणूस आणि जॅझच्या तबकड्या जमवतो? हा प्रश्न कोल्हापुरात आम्हाला गेली तीस-पस्तीस वर्षे विचारला जात आहे. विचारणाऱ्यांचे आक्षेप दोन. एक, जॅझ म्हणजे ताजमहाल हॉटेलात काट्या-चमच्याने जेवणाऱ्या साहेबांचे संगीत. दुसरा, ज्या नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला, त्या नगरीत बसून परमुलखातला ट्रंपेट ऐकण्याची गरजच काय?

आमचे उत्तर सरळ आहे. जॅझ हे साहेबांचे संगीत नव्हेच. साहेबांनी ज्यांना बाजारात विकले, त्या गुलामांच्या लेकरा-नातवंडांनी घडवलेले ते संगीत आहे. आणि ज्या कोल्हापूर संस्थानात माणगावची परिषद झाली, तिथल्या माणसाला ते समजायला जड जाऊ नये.

तारखाच पाहा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. २१ व २२ मार्चला माणगावात शाहू महाराजांच्या साक्षीने बहिष्कृतांची परिषद भरली. त्याच वर्षी १० ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी गायली. ती इतकी खपली की कंपन्यांचे डोळे उघडले. गरीब मोलकरणी आणि हमाल आपल्या माणसाचा आवाज ऐकायला पदरचे पैसे मोडतात, हे त्यांना कळले. मग कंपन्यांनी काय केले? कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची वेगळी यादी काढली. तिला नाव दिले 'रेस रेकॉर्ड्स'. गाणे चालेल, पैसा चालेल, पण यादी वेगळी! आपल्याकडच्या वेगळ्या पाणवठ्याची आठवण कुणाला होणार नाही?

त्याआधी १९१७ साली जॅझ या नावाने पहिली तबकडी निघाली होती. वाजवणारे पाचही जण गोरे होते. ज्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर आणि अंत्ययात्रांत हे संगीत घडवले, त्यांना रांगेत मागे उभे राहावे लागले. किंग ऑलिव्हरचा ताफा आणि त्यातला एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग यांची पहिली ध्वनिमुद्रणे झाली एप्रिल १९२३ मध्ये, इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी, जेनेट कंपनीत. ही कंपनी त्याच दशकात पैसे घेऊन कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्याही तबकड्या काढून देत होती. बाजाराला जात नसते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बाजाराला जात कळते, म्हणून तर तो दोन्हीकडून पैसे घेतो.

पुढे बिग बँडचा जमाना आला. बिग बँड म्हणजे दहा-पंधरा वादकांचा ताफा : ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, पियानो, ड्रम. ड्यूक एलिंग्टनचा ताफा डिसेंबर १९२७ पासून न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात वाजवू लागला. हा क्लब हार्लेममध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. वाजवणारे कृष्णवर्णीय, नाचणारे कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक मात्र गोरे! देवळापुढे हलगी वाजवावी मांगाने आणि आत दर्शन घ्यावे पाटलाने, हाच तो प्रकार. १९३० च्या दशकात हा एलिंग्टन दक्षिणेकडच्या राज्यांत दौऱ्यावर निघाला की रेल्वेचे डबेच भाड्याने घेत असे. कारण ज्या गावात रात्री टाळ्या पडत, त्या गावच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९१७ साली बडोद्यात राहायला जागा न मिळाल्याने बाबासाहेबांवर जो प्रसंग आला, तो आपल्या घराघरात ठाऊक आहे. तबकडी ऐकताना आम्हाला हा डबाही दिसतो. तो दिसत नसेल तर ते ऐकणे नुसती चैन ठरेल.

'स्विंगचा राजा' ही पदवी लोकांनी दिली बेनी गुडमन या गोऱ्या वादकाला. त्याच्या वाद्यवृंदाच्या गाजलेल्या अनेक रचना बांधून दिल्या होत्या फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराने. गुडमनवर आमचा राग नाही. तो हेंडरसनचे ऋण मानत असे आणि टेडी विल्सन, लायनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांना त्याने १९३६ साली उघडपणे आपल्या शेजारी वाजवायला बसवले. ती त्या काळी मोठी हिंमत होती. प्रश्न व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे. घडवतो एक आणि मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर जातो.

आणि ही तबकडी तरी कशाची बनलेली होती? लाखेची. छोटा नागपूरच्या जंगलात पळस आणि कुसुमाच्या झाडांवरून आदिवासी जी लाख गोळा करीत, ती बोटीने अमेरिकेत जात असे. १९४२ साली युद्धामुळे लाखेचा तुटवडा पडला. तेव्हा अमेरिकी सरकारने तिच्या वापरावर बंधने घातली आणि कंपन्यांनी जुन्या तबकड्या परत घेऊन दळल्या. म्हणजे आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट ज्या काळ्या चकतीवर कोरला गेला, तिच्यात आपल्या आदिवासींचा घाम होता. मग हे संगीत परके कसे?

मुंबईतही हाच इतिहास घडला. १९३५ साली, ज्या वर्षी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, त्याच वर्षी लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय आपला वाद्यवृंद घेऊन ताजमध्ये वाजवायला आला. त्यांच्याकडून गोव्याचे वादक शिकले. गोव्याच्या हळदोण्याचा चिक चॉकलेट हा 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून गाजला. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात तो पडद्यावरही दिसतो. पण चिकसारखे नशीब किती जणांचे? फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा अशा माणसांनी शेकडो गाण्यांना वाद्यमेळ बांधून दिला. गाणी घरोघरी पोचली, ही नावे मात्र दारातच राहिली.

आम्ही हा नाद लावून घेतला तो रेडिओमुळे. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर रोज रात्री जॅझ ऐकवीत. नंतर भंगाराच्या दुकानांतून, मुंबईच्या चोर बाजारातून, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून एकेक तबकडी आणली. ते ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाले. पण या नादात आम्हाला सर्वांत मोलाची वस्तू सापडली ती तबकडी नव्हे, तर यादी. तबकडीच्या चिठ्ठीवर बहुधा ताफ्याच्या म्होरक्याचे नाव असे. बाकीचे कोण? हे शोधायला शौकीनच बसले. पॅरिसच्या चार्ल्स डेलोने याने १९३६ साली तबकड्यांची सूची छापली. कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणत्या वाद्यावर कोण होता, हे त्याने आणि पुढे इतरांनी वादकांना विचारून, कान लावून, चिठ्ठ्या जुळवून नोंदवले. म्हणून आज आपण सांगू शकतो की आर्मस्ट्राँगच्या १९२५ च्या 'हॉट फाइव्ह'मध्ये पियानोवर लिल हार्डिन ही स्त्री होती आणि क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स होता. विद्यापीठे जागी होण्याआधी हे काम शौकिनांनी केले. पुसलेली नावे त्यांनी परत लिहिली.

आता आपल्याकडे वळू. भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव गाजले, पण ते कसे वाजत-गाजत हे आजच्या पोराला ऐकवायला आमच्यापाशी काही नाही. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. त्यांची नावे अजरामर आहेत. पण त्यांच्या मागे ढोलकी कुणी धरली? कोरसात कोण होते? पेटी कुणाची? कॅसेटच्या वेष्टनावर कंपनीचे नाव ठळक आणि वादकांचा पत्ता नाही. त्या कॅसेटींना आज बुरशी चढते आहे.

कोल्हापूरचे हलगी-घुमके-कैताळ कुस्तीच्या फडात वाजले की अंगावर काटा येतो. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेट वाजवणारा म्हातारा नोटेशन न बघता अर्धा तास खेळवतो. ही माणसे बहुतेक मातंग, होलार, महार समाजातली. बाबासाहेबांनी गावकीची गुलामी सोडायला सांगितले आणि समाजाने ती सोडली, हे योग्यच झाले. दुसऱ्याच्या दारात बलुत्यासाठी वाजवणे हा अपमान होता. पण अपमान त्या सक्तीत होता, कलेत नव्हता. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. कृष्णवर्णीयांनी मळ्यातले गाणे मालकाच्या तोंडावर फेकले नाही, ते आपले म्हणून उचलले. १९४३ साली एलिंग्टनने कार्नेगी हॉलमध्ये आपल्या समाजाचा सारा इतिहास वाद्यवृंदातून उभा केला. आणि आपण? भीमजयंतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे डीजे लावतो, छातीत धडधड होते आणि आपलाच हलगीवाला फुटपाथवर उभा राहून ऐकतो!

म्हणून आमची सूचना आहे. प्रत्येक विहार समितीने आपल्या वस्तीतल्या जुन्या कॅसेटी आणि तबकड्या गोळा कराव्यात. प्रत्येकीवर गायकासोबत ढोलकीवाला, पेटीवाला, कोरस यांची नावे, गाव आणि साल लिहावे. ठाऊक नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारावे, आणि ते आजच विचारावे. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे; बँडमधल्या त्या क्लॅरिनेटवाल्याचे वादन त्याच्या नावासकट नोंदवून ठेवावे. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा याला द्यावा आणि डीजेऐवजी त्यालाच मानधन देऊन पुढे चालवावे.

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. त्या भावंडांकडून आपण झुंज घेतली, आता वहीसुद्धा घ्यावी. ज्या समाजाला हजारो वर्षे नावाने हाक मारली गेली नाही, त्याने तरी आपल्या माणसांची नावे लिहिण्यात आळस करू नये.