नातवंडांसोबत ‘फो’ खाताना



सोलापुरातील अनेक घरांतील मुले आज पुण्या-मुंबईत नोकरीस आहेत. हुतात्मा एक्सप्रेस पूर्वीपासून होतीच. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही धावू लागली आणि आजी-आजोबांचे मुलांकडे जाणे-येणे सुकर झाले. तेथे शनिवारी संध्याकाळी नातवंडांचा हट्ट होतो, ‘आजोबा, आज व्हिएतनामी जेवायला जाऊ या!’ मग निघण्यापूर्वी दवाखान्यात विचारणा होते, ‘डॉक्टर, मला हे चालेल का?’ बहुतेकांना माझे उत्तर ‘चालेल’ असेच असते. मात्र त्यास काही पथ्ये जोडलेली आहेत.

प्रथम हे अन्न कोणते, ते पाहू. ‘फो’ म्हणजे तांदळाच्या शेवया घातलेले गरम सूप. चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि आले घालून ते कित्येक तास मंद आचेवर उकळतात. आपल्या काळ्या मसाल्याची सवय असलेल्या जिभेला हा सुगंध परका वाटत नाही. तांदळाच्या पातळ पापडीत कच्च्या भाज्या गुंडाळलेले रोल, फ्रेंच अमदानीतून आलेला ‘बान्ह मी’ हा कडक पाव आणि वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, असा एकंदर थाट असतो. तळण बेताचे आणि पालेभाज्या मुबलक, हे या अन्नाचे गुण होत.

शाकाहारी मंडळींनी मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा. पारंपरिक फो हाडांच्या रसात शिजतो आणि मासळी मिठात महिनोन्‌महिने मुरवून केलेला ‘फिश सॉस’ पुष्कळ पदार्थांत व चटण्यांत असतो. ‘भाजीचा आहे ना?’ एवढे विचारून भागत नाही. ‘सूप कशाचे आहे? फिश सॉस घातला आहे का?’ असे स्पष्ट विचारावे. आयुष्यभर पाळलेला नेम नकळत मोडल्याचे दुःख वृद्धांना फार लागते.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. फिश सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच सुमारे साडेतीन ग्रॅम मिठाइतके सोडियम असते. सोया सॉसही खारटच. म्हणून रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी शेवया, भाज्या खाव्यात आणि सूप वाडग्यातच ठेवावे. चटणी वेगळी मागवून केवळ बोट लावण्यापुरती घ्यावी. हृदय कमकुवत असलेल्यांनी पुढील दोन-तीन दिवस सकाळी वजन करावे. ते दोन किलोने वाढले, पायांवर सूज आली किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

मधुमेह : घड्याळाकडे लक्ष द्या

मधुमेहींना खरा धोका पदार्थापेक्षा उशिराचा असतो. लोकप्रिय उपाहारगृहात शनिवारी टेबलासाठी तासभर थांबावे लागते. आजोबांनी नेहमीच्या वेळी घरीच गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते आणि ताट समोर येईपर्यंत नऊ वाजतात. मधल्या काळात रक्तातील साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात विसंगती ही तिची लक्षणे. ‘गर्दीने दमले असतील’ म्हणून घरच्यांचे त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

यासाठी जेवणापूर्वीची मात्रा सोबत न्यावी आणि जेवण केव्हा येणार हे नक्की झाल्यावरच घ्यावी. आपल्या औषधाबाबतचा नेमका क्रम निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. खिशात साखर असावी. लक्षणे दिसताच, व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

तांदळाच्या शेवया हलक्या दिसल्या तरी तो भातच आहे. अर्धा वाडगा शेवया, त्यासोबत टोफू, अंडे वा चिकन आणि शिजवलेल्या भाज्या, हे प्रमाण ठीक.

घास आणि गिळणे

पक्षाघात वा कंपवात झालेल्यांना पातळ सूप व लांब शेवया एकाच घोटात गिळणे अवघड जाते. शेवया कात्रीने बारीक कापून द्याव्यात, सूप वेगळे ठेवावे. ताठ बसवून लहान घास द्यावेत. घास तोंडात असताना बोलते करू नये. कवळी असल्यास कडक पाव आणि शेंगदाणे टाळावेत. घास अडकून बोलणे, खोकणे बंद झाले, तर रुग्णास पुढे वाकवून पाठीवर पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने न सुटल्यास मागून कवटाळून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा, आणि हाच क्रम चालू ठेवावा. दरम्यान दुसऱ्या कोणी १०८ क्रमांक फिरवावा.

आणखी काही

- कच्चे मोड वृद्धांनी टाळावेत. गरम सूपमध्ये चांगले उकळून घेतलेले चालतील.
- वॉर्फरिन घेणाऱ्यांनी एकाच दिवशी भरमसाट हिरवा पाला खाऊ नये. रोजच्या प्रमाणात फार फरक नको.
- पपनसाच्या कोशिंबिरीने रक्तदाब व कोलेस्टेरॉलवरील काही औषधांचा परिणाम वाढू शकतो. आधी विचारून घ्यावे.
- पोटॅशियमचे पथ्य असलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळ्याचे पाणी घेऊ नये.
- व्हिएतनामी कॉफी अतिशय कडक असते आणि तीत आटवलेले गोड दूध असते. रात्री ती नकोच.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. टेबल साडेसहा-सातचे राखून ठेवा. तेव्हा गर्दी व गोंगाट कमी असतो आणि श्रवणयंत्र लावलेल्या आजींनाही गप्पा ऐकू येतात. पायऱ्या किती, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, हे फोनवरच विचारा. ‘तुम्ही घरीच खिचडी खा, तुम्हाला ते आवडणार नाही’ असे परस्पर ठरवू नका. आजी-आजोबांनीही ‘माझा कशाला त्रास’ म्हणून मागे राहू नये. वृद्धापकाळी भूक मंदावण्यास एकटे जेवणे हेही एक कारण असते, आणि चार माणसांत बसले की दोन घास अधिक जातात, हे आपण घरोघरी पाहतोच. वरील काळजी घेतली, तर शेवयांचा तो वाडगा नातवंडांसोबत आनंदाने संपवता येईल. सूप तेवढे उरवा.