उशीर कुणाचा, दंड कुणाला?



एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर माझी पहिली नोकरी एका आदिवासी तालुक्यात होती. तिथल्या एका बैठकीत साहेबांनी बायकांना दटावलं, "घरी बाळंत झालात तर पोराचा जन्मदाखला मिळायचा नाही." समोर चार दिवसांची ओली बाळंतीण बसली होती. तिच्या पाड्यापासून दवाखाना चौदा किलोमीटर लांब, रात्रीची वेळ, गाडी नाही. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि मीही गप्प बसले. दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची, बो जिल्ह्यातली एक नर्सबाई भेटली. तिच्याकडे घरी बाळंत होणाऱ्या बाईला आणि तिला मदत करणाऱ्या सुईणीला सरळ दंडच होतो, असं तिने सांगितलं. तेव्हा ती मान खाली घातलेली बाळंतीण पुन्हा डोळ्यांपुढे आली. तेव्हा गप्प बसले होते, म्हणून आज लिहिते आहे.

हा दंड काही चोरूनमारून होत नाही. सिएरा लिओनमध्ये गावागावांचे प्रमुख असतात, त्यांना चीफ म्हणतात. २०१० च्या सुमारास अनेक ठिकाणच्या चीफमंडळींनी स्थानिक नियम केले: बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं, नाहीतर पैसे भरा. आरोग्य खात्याला आणि बाहेरून पैसा देणाऱ्या संस्थांनाही ही कल्पना फारशी खटकली नाही. हेतू चांगलाच होता ना! पण बायकांच्या भल्यासाठी बायकांनाच शिक्षा करायची, ही रीत आपल्याला नवी आहे का?

त्याच वर्षी, २७ एप्रिल २०१० रोजी, त्या सरकारने एक खरोखर मोठी गोष्ट केली. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी सरकारी दवाखान्यातली फी रद्द केली. ही फी आली कुठून, तेही लक्षात घ्यायला हवं. ऐंशीच्या दशकात कर्जबाजारी झालेल्या आफ्रिकी देशांना सरकारी खर्च कापायला लावण्यात आलं. १९८७ मध्ये मालीची राजधानी बामाको इथे आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी ठरवलं, की औषधांच्या खर्चात लोकांनीही वाटा उचलावा. 'लोकसहभाग' हा शब्द ऐकायला गोड. प्रत्यक्षात ज्या बाईच्या हातात कधी पैसाच नसतो तिलाही कळा सुरू झाल्यावर नवऱ्याच्या, दिराच्या तोंडाकडे बघावं लागलं. पश्चिम आफ्रिकेत कितीतरी बायका यात मेल्या. नायजेरियात तर बिल भरलं नाही म्हणून बाळंतिणींना दवाखान्यातच अडकवून ठेवल्याच्या नोंदी आहेत.

आता आकडे बघू. सिएरा लिओनच्या राष्ट्रीय पाहणीनुसार दवाखान्यात होणारी बाळंतपणं २००८ मध्ये सुमारे २५ टक्के होती. २०१३ मध्ये ती ५४ टक्क्यांवर आणि २०१९ मध्ये ८३ टक्क्यांवर गेली. म्हणजे बायका आल्या. चालत आल्या, झोळीत आल्या, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसून आल्या. आणि मातामृत्यू? २००८ च्या पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे ८५७, २०१३ च्या पाहणीत १,१६५. अशा पाहण्यांत चूकभूल मोठी असते आणि त्यात मागच्या काही वर्षांचे मृत्यूही मोजलेले असतात, त्यामुळे मृत्यू वाढले असं मी म्हणणार नाही. पण दवाखान्यातली बाळंतपणं दुप्पट होऊनही तेवढ्या बायका वाचल्याचं त्या आकड्यांत दिसत नाही, एवढं नक्की म्हणता येतं. २०१९ च्या पाहणीत हा आकडा ७१७ वर आला. ही घट खरी आहे, तिचं मोलही आहे. पण तिचं श्रेय दंडाला देऊ नका. फी गेली, नर्सेसचे पगार वाढले, औषधं थोडी तरी पोचू लागली. डॉक्टर नसलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सिझेरियन शिकवण्याचं काम २०११ पासून सुरू झालं. बायका वाचतात त्या अशा गोष्टींनी.

१९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी मातामृत्यूमागचे तीन उशीर मांडले, ते आपल्या शिबिरांत आपणही शिकवतो. पहिला उशीर, जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा, दवाखान्यात पोचण्यात. तिसरा, पोचल्यावर उपचार मिळण्यात. दंड कोणत्या उशिराला होतो? फक्त पहिल्या. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला, तर बांधकाम खात्याला दंड होत नाही. बाँथे जिल्ह्यातल्या बेटांवरून बाईला होडीने आणावं लागतं, होडी नसली तर कुणालाच दंड होत नाही. दवाखान्यात रक्ताची बाटली नाही, दिवा नाही, हात धुवायला पाणी नाही, तरी आरोग्यमंत्र्याला दंड होत नाही. आणि त्या दोघींनी हेही सांगितलं होतं, की पुढचे दोन उशीर ठाऊक असतात म्हणूनच घरची माणसं पहिला उशीर करतात. जिथे जाऊन वाचण्याची खात्री नाही, तिथे जायला बाई कचरते यात तिचं अज्ञान कुठे आलं? तो तिचा अनुभव आहे.

शिक्षेची ही सवय किती खोल गेली आहे ते पुढे दिसलं. २०१४ ते २०१६ या काळात इबोलाची साथ आली. सिएरा लिओनमध्ये २०० हून अधिक आरोग्य कर्मचारी तिला बळी पडले आणि बायका दवाखान्याला घाबरू लागल्या. त्या साथीत शाळा बंद होत्या, कितीतरी मुली गरोदर राहिल्या, अनेक जबरदस्तीने. २०१५ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सरकारने काय केलं? पोट दिसणाऱ्या मुलींना शाळेत यायला बंदी केली! पोट तिचं, म्हणून गुन्हाही तिचाच. पश्चिम आफ्रिकी देशांच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ही बंदी बेकायदा ठरवली आणि मार्च २०२० मध्ये ती उठली. उठली ती तिथल्या बायकांच्या आणि मानवी हक्क संघटनांच्या लढ्यामुळे, कुणाच्या कृपेने नव्हे.

इथे काही मैत्रिणी विचारतील, म्हणजे तू सुईणींची बाजू घेतेस का? डोळे मिटून घेत नाही. सिएरा लिओनमध्ये बाँडो नावाची बायकांची गुप्त संस्था आहे. तिच्या प्रमुख बायका पुष्कळदा गावाच्या सुईणीही असतात आणि मुलींच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याचा विधीही त्याच करतात. २०१९ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ८३ टक्के बायका या विधीतून गेलेल्या आढळल्या. परंपरेच्या नावाने मी हे गोड मानून घेणार नाही. शिवाय रक्तस्राव थांबत नसेल किंवा मूल आडवं असेल, तर कितीही जाणती सुईण असली तरी दवाखानाच लागतो. माझं म्हणणं इतकंच आहे, की सुईणीला गुन्हेगार ठरवलं की ती लपून बाळंतपणं करते आणि बाई अडली तरी तिला घेऊन दवाखान्याच्या दारात यायला धजत नाही. त्यात जीव बाईचाच जातो.

बाळांचंही तसंच. आपल्या गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतले नवजात मृत्यू तीन वर्षांत सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी अशा घरभेटींची शिफारस केली. घानातल्या ब्राँग अहाफो भागातही ते करून पाहिलं गेलं. २०१३ च्या अहवालानुसार तिथे बाळाची निगा सुधारली, पण मृत्यूतली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. बायका पुष्कळशा दवाखान्यात पोचत होत्या, तिथली सेवाच कच्ची होती. म्हणजे घरभेट हवी आणि धड चालणारा दवाखानाही हवा. एकाच्या नावावर दुसरं टाळता येत नाही.

आणि धड दवाखाना म्हणजे महागडी यंत्रंच असतात असंही नाही. घाना, नायजेरिया, मलावी, टांझानिया आणि भारतात झालेल्या एका अभ्यासात, कमी वजनाच्या बाळाला जन्मापासूनच आईच्या उघड्या छातीशी धरल्याने मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले, हे २०२१ मध्ये पुढे आलं. त्यासाठी एक मात्र करावं लागलं. आजवर जिला काचेबाहेर उभं करत होते त्या आईला आत, बाळाच्या खोलीत, खाट द्यावी लागली. बाईला उपचाराची अडचण न समजता उपचाराचा भाग समजावं लागलं.

सेनेगलमध्ये २००९ पासून गरोदर बायकांना साथ द्यायला वस्तीतल्याच जाणत्या बायका नेमतात. वोलोफ भाषेतलं त्यांचं नाव आहे 'बाजेनू गोख', म्हणजे वस्तीची आत्या. बाळंतिणीजवळ आत्या हवी की पावतीपुस्तक घेतलेला चीफ, हे ठरवायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही.

म्हणून आपली मागणी साधी आहे. दंड रद्द करा. सुईणीला हाकलू नका, बाईसोबत दवाखान्यात येण्याचा मान आणि मोबदला तिला द्या. आणि उशीर मोजायचाच असेल तर तिन्ही मोजा. प्रत्येक मृत्यूनंतर "ती का आली नाही?" एवढंच विचारून कागद बंद करू नका. "आली असती तर काय मिळालं असतं?" हेही लिहा.

हे फ्रीटाउनच्या सरकारला जितकं लागू आहे, तितकंच आपल्या तालुक्याच्या त्या साहेबांनाही. पुन्हा तशी बैठक झाली, तर मी गप्प बसणार नाही. तुम्हीही बसू नका.