साइट मोबाइलवर उघडते, पण फॉर्म भरता येतो का?

अ‍ॅडमिशनचा फॉर्म असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की निकाल, आपल्यापैकी बरेच जण हे सगळं फोनवरच बघतात. तरीही काही साइट्सवर अक्षरं मुंगीएवढी असतात, बटण स्क्रीनच्या बाहेर जातं आणि 'सबमिट'च्या जागी 'रीसेट' दाबलं जातं. गूगलने मोबाइलची सक्ती केल्यावर तरी हे बदलणार का?

नेमकं काय बदललं?

गूगलचा बॉट वेबसाइट्स वाचत फिरतो. आधी तो कॉम्प्युटरवर दिसणारं पान वाचायचा. २०१६ मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे मोबाइलवर दिसणारं पानच प्रमाण मानणार. हे काम अनेक वर्षं टप्प्याटप्प्याने चाललं. ५ जुलै २०२४ नंतर उरलेल्या साइट्ससुद्धा मोबाइलचाच बॉट वाचू लागला. म्हणजे जी साइट मोबाइलवर अजिबात उघडत नाही, ती सर्चमध्ये येणारच नाही. आणि 'स्क्रीन लहान आहे' म्हणून मोबाइलवरच्या पानातून माहिती काढून टाकली, तर ती गूगललाही सापडत नाही.

उपाय जुनाच आहे

इथन मार्कॉट या डिझायनरने २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही कल्पना मांडली. मोबाइलसाठी वेगळी साइट कशाला? एकच पान ठेवा, ते स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलेल.

मग अडतंय कुठे?

गूगल पान वाचतं, पण तुमचा फॉर्म भरून बघत नाही. तिथे छोट्या गोष्टी नडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या आंतरराष्ट्रीय नियमावलीत बटणाचा आकार, काही अपवाद सोडून, किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलाय. आयफोनवर फॉर्मच्या रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर टाइप करताना पान आपोआप झूम होतं. मराठीत तर ओळींमधलं अंतर कमी पडलं की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात.

'अ‍ॅप काढलं की झालं' हेही खरं नाही. मिंत्राने २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅप ठेवलं होतं. २०१६ मध्ये वेबसाइट परत आणावी लागली. वर्षातून एकदा भरायच्या फॉर्मसाठी फोनमधली जागा कोण अडवणार?

तुम्ही काय कराल?

पान अर्धवट दिसत असेल तर क्रोमच्या मेनूत 'डेस्कटॉप साइट' चालू करून बघा. तरीही अडलं तर स्क्रीनशॉट काढा आणि शेवटच्या तारखेची वाट न बघता हेल्पडेस्कला पाठवा. फॉर्म फोनवर भरला गेला नाही, तर चुकते ती साइट, पण संधी मात्र तुमची जाते.